चाकांवरचं केंद्र
(शारदीय व्याख्यानमालेत जालना येथे दिलेलं व्याख्यान)



जालन्यात उभं राहून लष्करी बिनतारी यंत्रांवर बोलायचं, तर सुरुवात बदनापुरापासून करायला हवी. २१ सप्टेंबर १८०३ ला बदनापुरात इंग्रजांच्या दोन फौजा भेटल्या. एकीचा सेनापती आर्थर वेलस्ली, दुसरीचा कर्नल स्टीव्हन्सन. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज भोकरदनच्या आसपास आहे, असा त्यांचा अंदाज होता. ठरलं असं की दोघांनी डोंगराच्या दोन बाजूंनी वेगवेगळं निघायचं आणि २४ तारखेला मिळून हल्ला करायचा. २३ तारखेला वेलस्ली मुक्कामाच्या ठिकाणी पोचला, तर समोरची फौज भोकरदनला नव्हतीच. ती दोन-तीन कोसांवर, असईच्या अंगाला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात उभी होती. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्यानं लढाई दिली आणि जिंकली. पण मेलेले आणि जखमी मिळून त्याची पंधराशेंवर माणसं पडली. स्टीव्हन्सन आला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

या लढाईवर वेलस्लीच्या धाडसाची पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मला तिच्यात दिसतो तो एक साधा अडथळा. सैन्याचे दोन भाग, मधे डोंगर, आणि एकमेकांना निरोप द्यायला घोडेस्वार नाही तर हरकारा. पुढे तारायंत्र आलं, पण ते खांबांच्या रांगेला बांधलेलं. सैन्य चालत होतं आणि तार जागच्या जागी होती. निरोपाचं यंत्रच सैन्याबरोबर चालायला लागलं, तेव्हा हा अडथळा मोडला. आज मला बोलायचंय ते त्या चालत्या यंत्राबद्दल.

याच मुलखात १४५ वर्षांनी, पुन्हा सप्टेंबरातच, दुसरी फौज आली. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली. जनरल चौधरींची मुख्य चढाई सोलापुरातून. औरंगाबाद, जालन्याच्या बाजूला मेजर जनरल ब्रार यांच्या हाताखालच्या तुकड्या. जालन्याजवळ ३ शीख पलटण, २ जोधपूर इन्फंट्रीची एक कंपनी आणि १८ कॅव्हलरीचे काही रणगाडे यांना चिवट प्रतिकार झाला, हे आपल्या गावातल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. रेल्वेच्या कडेनं जाणारी तार निजामाच्या मुलखातून गेलेली; ती कोण कधी तोडील याचा भरवसा नाही. मग रणगाडे, पायदळ आणि मागचं मुख्यालय एकमेकांशी बोलत कशावर होते?

त्या काळच्या भारतीय रणगाड्यांत सर्वसाधारणपणे असे तो ‘१९ नंबरचा सेट’. केंब्रिजच्या पाय कंपनीनं १९४० च्या सुमारास त्याची रचना केली. पुढे कॅनडात आणि अमेरिकेतही तो ढिगानं तयार झाला, आणि रशियाला पाठवायचे म्हणून काही संचांवर इंग्रजीच्या जोडीला रशियन अक्षरंही छापली गेली. एका पेटीत तीन कामं होती. पहिलं, दूरच्या बोलण्यासाठी २ ते ८ मेगाहर्ट्‌झचा शॉर्टवेव्ह भाग. यावर बोलता येई आणि मोर्सही पाठवता येई. दुसरं, जवळच्या रणगाड्यांशी बोलायला २४० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा वेगळा छोटा भाग, त्याचा पल्ला जेमतेम मैलभराचा. तिसरं, रणगाड्यातल्या माणसांचं आपापसातलं बोलणं, कारण इंजिनाच्या आवाजात शेजारच्याचंही ऐकू येत नसे. व्हॉल्व्हना पाचशे व्होल्टच्या आसपास दाब लागे आणि गाडीची बॅटरी तर १२ व्होल्टची. मधे एक फिरणारं यंत्र असे, डायनामोटर. त्याची घरघर सतत कानात, आणि बॅटरी उतरली की सगळा खेळ खलास. म्हणून कुठल्याही फिरत्या केंद्राची खरी किंमत ठरवायची असेल तर मी आधी त्याचं चार्जिंग इंजिन आणि पेट्रोलचे डबे बघेन. छायाचित्रात झळकतात ते डायल आणि मूठ. राबतं ते मागचं इंजिन.

१९ नंबरच्या सेटचा थोरला भाऊ पाहायचा तर अमेरिकेकडे जावं लागतं. तिथे शिकागोची हॅलिक्राफ्टर्स नावाची कंपनी हौशी रेडिओवाल्यांसाठी यंत्रं बनवत असे. तिचा एक प्रेषक सैन्यानं उचलला, त्याला बीसी-६१० असं नाव दिलं, शेवरलेटच्या दीड टनी बंद गाडीत बसवला आणि गाडीमागे जनित्राचा ट्रेलर जोडला. या सगळ्या वरातीचं नाव एससीआर-२९९. प्रेषकाचंच वजन दोन माणसांच्या उचलण्याबाहेरचं. ताकद मोर्सवर ४०० वॉट, बोलण्यावर ३०० च्या आसपास. वारंवारता २ ते १८ मेगाहर्ट्‌झ. वारंवारता बदलायची म्हणजे आतली गुंडाळीच काढून दुसरी खोचायची. सैन्यानं शंभर मैलांचं यंत्र मागितलं होतं. १९४२ च्या अखेरीस उत्तर आफ्रिकेत गाडी उतरली तेव्हा तिचा आवाज त्याच्या कितीतरी पलीकडे पोचतो, हे लक्षात आलं.

हे कसं घडतं ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. शॉर्टवेव्ह दोन वाटांनी जाते. एक जमिनीला धरून. ही वाट डोंगर, झाडं, कोरडी माती यांत लवकर मरते. गाडीवरच्या उभ्या काठीतून सोडलेली लहर आपल्यासारख्या कोरड्या पठारावर पंधरा-वीस किलोमीटर गेली तरी पुष्कळ. दुसरी वाट वर जाते आणि शंभर-दोनशे किलोमीटरांपासून वरच्या विद्युतभारित थरांवर आपटून, कॅरमच्या कडेवर आपटलेल्या सोंगटीसारखी, लांब कुठेतरी उतरते. गंमत अशी की पहिली वाट संपते आणि दुसरी उतरते, या दोन्हींच्या मधे एक मुका पट्टा राहतो. तिथे तुम्ही शेकडो वॉट ओतलेत तरी कुणाला काही ऐकू येत नाही. हजार किलोमीटरवर खणखणीत, साठ किलोमीटरवर शून्य.

जालना ते औरंगाबाद सरळ रेषेत साठाच्या आतबाहेर आहे. म्हणजे ऐन मुक्या पट्ट्यात. यावर जाणत्या ऑपरेटरचा उपाय काय? उभी काठी सोडायची आणि दोन झाडांच्या मधे आडवी तार बांधायची, तीही फार उंच नाही. ५ मेगाहर्ट्‌झची लहर ६० मीटरची, तेव्हा तार तिच्या निम्मी, ३० मीटरच्या आसपास. मग लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि पावसासारखी आजूबाजूच्या दोन-तीनशे किलोमीटरांत पडते. रात्री वरचे थर विरळ होतात, म्हणून वारंवारता खाली आणायची. सकाळी पुन्हा वर. हे न कळणाऱ्याच्या हातात लाखाचं यंत्र मुकं, आणि कळणाऱ्याच्या हातात जुनापुराणा सेटही बोलका. सेनापतींची चरित्रं निघतात, पुतळे उभे राहतात. तार कुठल्या झाडाला बांधायची हे ठरवणाऱ्या सिग्नलमनचं नाव मात्र कुणी लिहून ठेवत नाही. भारतीय सैन्याचं सिग्नल दल १९११ पासूनचं आहे. त्याच्या इतिहासातही मला यंत्रांचे क्रमांक माणसांपेक्षा जास्त सापडतात.

हैदराबादच्या कारवाईत आणखी एक रेडिओ होता, तो मात्र जागेवरचा. १७ सप्टेंबरला संध्याकाळी निजामानं शरणागती जाहीर केली ती डेक्कन रेडिओवरून. इमारत, मनोरा, स्टुडिओ, सगळं पक्कं. सत्तेला आपला आवाज असा एका पत्त्यावर ठेवायला आवडतं. पण पत्ता असलेलं केंद्र ज्याच्या ताब्यात जातं, त्याचं होतं.

पत्ता नसलेलं केंद्र पाहायला आता मी तुम्हाला मराठवाड्यातून कोकणात नेणार आहे. फार लांब नाही असं समजा. जालना आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे एकाच दिवशी जन्मले, १ मे १९८१ ला.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टात दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली. त्या मोहिमेत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, आणि शस्त्रांसाठी पैसा उभा करायला लता मंगेशकरांनी पुण्यात कार्यक्रम केला होता, हे मराठी घरांत ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते असं की पोर्तुगीज सैन्याचे दोन बिनतारी संच तिथे मागे राहिले. ते गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती लागले. निरोप द्यायचे लष्करी संच. त्यांत फेरफार करून त्यांनी प्रक्षेपण करणारं केंद्र बनवलं आणि ट्रकवर चढवलं. ट्रक नेला आजच्या सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या जंगलात. २५ नोव्हेंबर १९५५ ला ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ सुरू झाला; पोर्तुगीजमध्ये नाव ‘व्हॉझ द लिबर्दाद’. चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. सुरुवातीला निकोलाव मिनेझिसही होते.

आंबोली म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागांपैकी एक. ओल शिरली की अशा यंत्राच्या उच्च दाबाच्या भागात ठिणग्या उडतात, गुंडाळ्या बुरसतात, एरियलच्या तारेवरून गळती होते. त्यात जळवा, साप आणि बाहेरच्या जगाशी जवळजवळ संबंध नाही. पुढे केंद्र कॅसलरॉकला हललं, घाटमाथ्यावर, सरहद्दीच्या अगदी कडेला. नकाशावर अंतर मोजलंत तर आंबोली असो की कॅसलरॉक, पणजी तिथून सरळ रेषेत साठाच्या आतच. आपल्या जालना-औरंगाबादएवढंच! तोच मुका पट्टा, तीच आडव्या तारेची गरज. म्हणजे गोव्यातल्या घरात हा आवाज पोचवायचा तर तो आधी आभाळात चढवावा लागणार होता.

ऐकायचा तो चोरूनच. गोव्यात वृत्तपत्रांवर सेन्सॉर, आणि भारतानं पोर्तुगालशी संबंध तोडलेले. पोर्तुगीजांच्या हाती स्वतःचं रेडिओ केंद्र होतं, ते आपली बाजू रेटत होतं. ट्रकवरून त्याला कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये उत्तर जाई. पोर्तुगीज कशाला, तर राज्य करणाऱ्यांनी आणि त्यांच्या शिपायांनीही ऐकावं म्हणून.

इथे मुंबईच्या काँग्रेस रेडिओशी तुलना होते. उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचं ते केंद्र २७ ऑगस्ट १९४२ ला ४२.३४ मीटरवर बोलू लागलं. तेही फिरतं होतं. या घरातून त्या घरात यंत्र हलत होतं. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी ते पकडलं. तीन महिनेही पुरते नाहीत. गोव्याचा ट्रक सहा वर्षं टिकला. शौर्यात फरक होता असं कुणी म्हणू नये. शॉर्टवेव्हवर बोलणाऱ्याचा ठाव काढणं अवघड नसतं. दोन ठिकाणांहून फिरत्या एरियलनं दिशा मोजायच्या, नकाशावर दोन रेघा ओढायच्या, त्या छेदतात तिथे यंत्र. मुंबईत त्या रेघांच्या टोकाला इंग्रजांचेच पोलीस जाऊ शकत होते. आंबोलीत पोर्तुगीजांना रेघा ओढता आल्या असत्या, पण पुढे जायला वाट नव्हती. मधे भारताची सरहद्द होती. चाकांची महती गाताना हे विसरू नये. टिकण्यात चाकांपेक्षा सरहद्दीचा हात मोठा होता, आणि भारत सरकारनं केलेल्या काणाडोळ्याचाही.

चाकांची खरी परीक्षा १८ डिसेंबर १९६१ ला झाली. गोवा सोडवायला भारतीय सैन्य निघालं त्या सकाळी वायुदलाच्या हंटर विमानांनी पोर्तुगीजांचं बांबोळीचं बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केलं. पक्की इमारत, पक्का पत्ता. लिस्बनशी बोलायला पोर्तुगीजांकडे मग उरलं ते मुरगाव बंदराबाहेर नांगरलेलं ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ हे लढाऊ जहाज, म्हणजे पुन्हा एक फिरतं केंद्रच! दुपारी भारतीय नौदलाच्या बेतवा आणि बियास यांनी त्यालाही निकामी केलं. दुसऱ्या दिवशी रात्री गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली.

कॅसलरॉकच्या केंद्राचं काम तिथे संपलं, त्याच्या निवेदकांचं नाही. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांना वायुदलाच्या विमानात बसवण्यात आलं, ध्वनिवर्धक लावला गेला, आणि गोवा स्वतंत्र झाल्याचं त्यांनी आकाशातून पोर्तुगीज आणि कोंकणीत सांगितलं. सोबत पत्रकं टाकली. पुढे दोघांनी लग्न केलं. वामन सरदेसाई १९९४ मध्ये गेले. लिबिया लोबो सरदेसाईंना पद्मश्री मिळाली ती २०२५ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर.