रानातील अळंबी : खाण्यापूर्वीची ओळख
(रुग्णालयाच्या आरोग्य-व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी हे आपल्याकडील एक अपूर्व खाद्य आहे. गोव्यात तिला रोंय अळमी म्हणतात. तिची चव ज्याने घेतली, त्याला ती खाऊ नका असे सांगणे व्यर्थ होय आणि तसे आम्ही सांगणारही नाही. मात्र खाण्यापूर्वी ओळख पटलीच पाहिजे, हा आमचा आग्रह आहे.

लसूण काळी पडली नाही, चांदीचा चमचा काळवंडला नाही किंवा किड्यांनी आधी खाल्ली आहे, म्हणून अळंबी निर्विष ठरते, या समजुतींना कोणताही आधार नाही. सर्वांत घातक अशा अमॅनिटा गटातील जातींचे विष शिजवल्याने वा वाळवल्याने नाहीसे होत नाही. चवीलाही त्या वाईट लागत नाहीत, आणि हीच खरी अडचण आहे. या गटातील अळंबी कधीही देठाला धरून उपटू नये. मुळाशी माती उकरून पाहावी. बुंध्याशी पांढरी पिशवी, देठावर कडे व छत्रीखाली पांढरे पापुद्रे दिसल्यास ती तेथेच सोडावी. वारुळावरील अळंबीच्या बुंध्याशी अशी पिशवी नसते. तिचा देठ मुळासारखा लांब होत थेट वाळवीच्या घरट्यापर्यंत जातो.

बोलेट जातीच्या अळंबीविषयी परदेशस्थ आप्तांकडून आपण ऐकतो. युरोपात ती आवडीने वेचली जाते. तिच्या छत्रीखाली पापुद्र्यांऐवजी स्पंजासारखी छिद्रे असतात, त्यामुळे अमॅनिटाशी तिची गल्लत होण्याचे भय कमी. म्हणून छिद्रांची प्रत्येक अळंबी खाण्यायोग्य असते असे मात्र नव्हे. लाल छिद्रांच्या ‘सैतानी बोलेट’ने तीव्र उलट्या-जुलाब होतात. कापल्यावर गर निळा पडणे हीदेखील विषाची खूण नाही; काही खाद्य जातीही निळ्या पडतात, कारण त्यांतील रंगद्रव्याचा हवेशी संयोग होतो.

आता रुग्णांच्या आप्तांसाठी सर्वांत महत्त्वाचे. खाल्ल्यानंतर एक-दोन तासांत उलट्या सुरू झाल्यास बहुधा ते सौम्य विष असते, परंतु त्यावर विसंबून राहू नये. अमॅनिटाच्या विषाची लक्षणे बहुधा सहा ते चोवीस तासांनी दिसतात. मग दुसऱ्या दिवशी रुग्णास बरे वाटू लागते, घरचे निश्चिंत होतात, आणि नेमके त्याच वेळी यकृताच्या पेशी नष्ट होत असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते, तोवर उपचारांचा मोलाचा काळ हातचा गेलेला असतो. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातील अळंबी खाऊन १३ जण दगावले. त्यांत चहामळ्यांतील माणसे होती.

या विषावर हमखास उतारा नाही. शिरेतून द्रव देणे, सक्रिय कोळसा, एन-ॲसिटिलसिस्टीन व सिलिबिनिन यांचा उपयोग केला जातो. यकृत पूर्ण निकामी झाल्यास प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो. तो खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असतो, हे येथे उपस्थित देणगीदारांस वेगळे सांगणे नलगे.

संशय आला तर उलट्या थांबल्या तरी रुग्णास तत्काळ आणावे. ज्यांनी ज्यांनी ते जेवण केले, त्या सर्वांना, विशेषतः मुलांना, सोबत आणावे. उरलेली भाजी व न शिजवलेली अळंबी कागदात गुंडाळून आणावी. प्लास्टिकच्या पिशवीत ती लवकर कुजते.