अम्मांची सुरी

अम्मा गेल्या तेव्हा दागिन्यांची वाटणी झाली, भांड्यांची झाली. त्यांची सुरी मात्र कुणी मागितली नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. साध्या पोलादाची, काळवंडलेली. मी ती माळ्यावर टाकली आणि बाजारातून चकचकीत स्टेनलेसची सुरी आणली.

स्टेनलेस वाईट नव्हे. त्यात क्रोमियम असतं, त्यामुळे गंज सहसा चढत नाही. दोष माझाच होता. मी ती ओट्याच्या ग्रॅनाइटवर चालवायचो, खरकट्या भांड्यांत टाकायचो. सहा महिन्यांत ती बोथट झाली. एक दिवस टोमॅटोच्या सालीवरून सटकली आणि बायकोच्या बोटात घुसली. तीन टाके पडले. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि तो जोर कुठे जाईल याचा नेम नसतो.

अम्मांना हे ठाऊक होतं. कुर्बानीच्या जनावराला यातना होऊ नयेत म्हणून सुरीला उत्तम धार हवी, आणि ती त्याच्या नजरेसमोर लावू नये, असा आमच्याकडे दंडक आहे. अम्मा तो भाजीलाही लावायच्या. ‘कांदा चिरायचा, चिरडायचा नाही,’ म्हणायच्या. चिरडलेला कांदा डोळ्यांना जास्त झोंबतो, हेही खरंच.

टाके सुटल्यावर मी माळ्यावरची सुरी काढली आणि धार लावायला दिली. विजेच्या चाकावर ठिणग्या उडाल्या. मी कवी, मला त्याची गंमत वाटली! घरी येऊन पाहतो तर टोक निळसर झालेलं. पोलाद फार तापलं की त्याला दिलेलं पाणी उतरतं, हे नंतर कळलं. त्या टोकाला आजही धार टिकत नाही.

आता मी घरीच धार लावतो. दगड ओला करायचा, सुरीची पाठ करंगळीच्या जाडीएवढी उचलायची, दोन्ही बाजूंनी सारखे हात मारायचे. घाई करायची नाही. चिरायला लाकडी पाट. लिंबू, चिंच, कांदा चिरून झाला की लगेच धुवायची, कोरडी पुसायची, वर खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. पात्यानं चिरलेली भाजी खरवडायची नाही, त्यासाठी सुरी उलटी धरावी.

नवी घेणार असाल तर चकाकीवर जाऊ नका. मुठीत धरून पाहा, पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलंय का, रिवेट हलतात का ते बघा.

अम्मांची सुरी आता रोज ओट्यावर असते. बायको तिनं सगळं चिरते. टोमॅटो मात्र अजून मलाच चिरावे लागतात.