प्रवेशपरीक्षेची तयारी : प्रत्येकाचे माप वेगळे
(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)



दहावीचा निकाल लागला की गोव्यातील खेड्यापाड्यांतही एक प्रश्न हमखास विचारला जातो : मुलाला कोणत्या शिकवणीला घातले? त्याला काय येते आणि कोठे अडते, हा प्रश्न मात्र मागे राहतो. शेजारच्या मुलाने दोन वर्षे शिकवणी लावली म्हणून आपल्यानेही लावावी, प्रसंगी त्यासाठी कर्ज काढावे, असा समज बळावत आहे. तयारी आवश्यक आहेच. परंतु ती किती आणि कशाची, हे मुलागणिक बदलते.

वैद्यकीय शिक्षणाचेच उदाहरण घ्यावे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशासाठी ‘नीट’ ही अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. २०२५ साली या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते : जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५ व रसायनशास्त्राचे ४५. बरोबर उत्तरास ४ गुण मिळत, चुकीच्या उत्तराचा १ गुण वजा होई. अभ्यासक्रम अकरावी व बारावी या दोन्ही वर्षांचा होता.

या परीक्षेला बसणारे तीन विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावेत. पहिल्याने अकरावीपासून पाठ्यपुस्तके समजून वाचली आहेत. त्याला नव्या शिकवणीपेक्षा घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडविण्याचा सराव हवा. दुसरीचे जीवशास्त्र उत्तम आहे, पण भौतिकशास्त्रातील गणिते चुकतात. कारण शोधू गेल्यास ते पुष्कळदा नववी-दहावीच्या समीकरणांत आणि आलेखांत सापडते. तिने तिन्ही विषयांना सारखे तास देणे व्यर्थ होय. तो पाया आधी भरून काढावयास हवा. तिसऱ्याचे प्राथमिक शिक्षण मराठीतून झाले आहे. त्याला विषय कळतो, परंतु इंग्रजी प्रश्न दोनदा वाचावा लागतो आणि एका प्रश्नाला मिळणारे एक मिनिट त्यातच सरते. या परीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीतही निघते. तथापि अनुवादाबाबत शंका उद्भवल्यास इंग्रजी प्रश्नच प्रमाण मानला जातो. अशा मुलाने संवेग म्हणजे मोमेंटम, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, अशी दोन रकान्यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

अंदाजाने उत्तरे लिहिण्याचा मोह तिघांनीही टाळावा. एकाने सर्व १८० प्रश्न सोडविले आणि त्यांतील १२० बरोबर आले, तर त्याला ४२० गुण मिळतात. दुसऱ्याने १४० च सोडविले आणि तितकेच १२० बरोबर आले, तर त्याला ४६० मिळतात. दोघांचे ज्ञान सारखे, तरी ४० गुणांचा फरक पडतो. हा संयमही सरावानेच येतो.

शिकवणीवर्गांसंबंधी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांहून अधिक वर्ग घेऊ नयेत, आणि यशाची हमी देणारी भुलावणी करू नये, असे त्यांत सांगितले आहे. पैसे भरण्यापूर्वी पालकांनी या सूचना ध्यानी घ्याव्यात. ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी मंत्रालयाने कानपूरच्या आय.आय.टी.च्या साहाय्याने २०२३ साली ‘साथी’ हा विनामूल्य उपक्रम सुरू केला आहे.

शिक्षकांनी अकरावीच्या आरंभीच दहावीपर्यंतच्या गणित-विज्ञानाची एक छोटी चाचणी घ्यावी. तिचे गुण फळ्यावर लिहू नयेत. प्रत्येकाची उणीव पालकांना बोलावून शांतपणे सांगावी. त्यावरून कोणाला सहा महिने पुरतील आणि कोणाला दोन वर्षे लागतील, याचा अंदाज येतो.

भात आणि नाचणी एकाच पावसावर वाढतात, पण शेतकरी दोहोंना सारखे पाणी देत नाही. मुलांच्या बाबतीतही हाच विवेक राखला, तर घर कर्जात बुडणार नाही आणि परीक्षेत मागे पडलेले मूलही स्वतःला निरुपयोगी समजणार नाही.