ओटा आणि कपाटे बदलताना

सुलतान बाजारास हे नाव १९३३ मध्ये मिळाले. त्यापूर्वी तो रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जाई. ब्रिटिश रेसिडेंटच्या कोठीभोवती वसलेला हा भाग त्या वर्षी निजाम सरकारकडे परत आला आणि नाव बदलले. येथील जुन्या मराठी वस्तीची साक्ष १९०७ मध्ये स्थापन झालेली विवेकवर्धिनी शाळा देते. १९५६ साली हैदराबाद राज्याची तीन ठिकाणी वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. तरी हैदराबादेतील अनेक मराठी कुटुंबांनी बिऱ्हाड हलविले नाही. बिऱ्हाड हलले नाही, पण त्यातील स्वयंपाकघर मात्र चांगलेच हलले. जमिनीवरची शेगडी ओट्यावर चढली, पाटावर बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला, आणि भिंतीतील फडताळाच्या जोडीला लाकडी कपाटे आली. त्या ओट्यांना आणि कपाटांनाही आता तीस-चाळीस वर्षे झाली आहेत. कडप्प्याला तडे गेले आहेत, मोरीजवळच्या फळ्या फुगल्या आहेत, आणि घरोघर एकच विचार चालू आहे: हे सारे एकदा काढून नवे करावे काय?

हा खर्च मध्यम स्थितीच्या गृहस्थास आयुष्यात एकदा, फार तर दोनदा झेपतो. पुष्कळदा तो निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून होतो. म्हणूनच दुकानातील चकाकत्या नमुन्यापेक्षा कामाची रीत आणि मालाची जात ओळखणे अगत्याचे आहे.

प्रथम दगडाचा विचार. हैदराबादेइतकी दगडाची सुबत्ता फार थोड्या शहरांच्या वाट्यास आली असेल. शहर स्वतःच सुमारे अडीच अब्ज वर्षांच्या ग्रॅनाइटवर उभे आहे. तांडूरची निळी व पिवळी फरशी जवळच निघते, शहाबादची फरशी जुन्या हैदराबाद राज्यातीलच, आणि काळा कडप्पा शेजारच्या रायलसीमेतून येतो. हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. त्यांवर लिंबाचा रस, चिंचेचा कोळ किंवा व्हिनेगर सांडले तर त्यांतील आम्ल दगडास खाते आणि तेथे मंद, पांढुरका डाग कायमचा उठतो. चिंचेवाचून ज्यांचे पान हलत नाही अशा या मुलखात चुनखडीचा ओटा पन्नास वर्षे टिकला, याचे श्रेय दगडाला नव्हे, तो लगेच पुसून काढणाऱ्या गृहिणीला द्यावयास हवे.

ग्रॅनाइटला हे भय जवळजवळ नाही. करीमनगरचा तपकिरी दगड आणि प्रकाशम जिल्ह्यातील चिमकुर्तीचा, सोनेरी ठिपक्यांचा काळा दगड देशाबाहेरही जातो. (भूशास्त्रज्ञ या दुसऱ्याला ग्रॅनाइट मानीतच नाहीत, ती गॅब्रोच्या जातीची शिळा, पण बाजारास शास्त्राशी कर्तव्य नसते.) ग्रॅनाइट घेताना एक साधी परीक्षा करावी. दगडाच्या तुकड्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून पाव तास थांबावे. चकाकी गेली तर तो चुनखडीच्या जातीचा. काळ्या दगडावर नखरंग काढण्याच्या द्रवात भिजविलेला पांढरा बोळा घासावा; बोळा काळा झाला तर दगडास रंग चढविलेला आहे आणि वर्षभरात तो उतरेल. फिक्या रंगाचा ग्रॅनाइट दिसतो सुंदर, पण हळद व तेल त्याच्या सूक्ष्म छिद्रांत मुरतात. तो घ्यावयाचाच असेल तर डाग रोखणाऱ्या द्रवाचा हात बसविताना द्यावा आणि पुढेही अधूनमधून देत राहावे.

अलीकडे कृत्रिम क्वार्ट्झच्या पाट्यांचा मोठा बोलबाला आहे. क्वार्ट्झचा चुरा राळेत बांधून त्या बनवितात. रंग एकसारखा मिळतो, आम्लाचा डाग पडत नाही. परंतु राळ उष्णतेस नाजूक असते. गॅसवरून उतरविलेली कढई किंवा तवा थेट टेकविला तर पाट करपते अथवा तडकते. ज्या घरात फोडणीची कढई दिवसातून चार वेळा ओट्यावर उतरते तेथे हा माल कितपत सोयीचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. याहून गंभीर गोष्ट ती कापणाऱ्याची आहे. तिच्या धुळीत सिलिकाचे प्रमाण अतिशय असते. ती धूळ फुप्फुसात साठून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो, आणि त्याच कारणास्तव ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या वापरावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतेच, कमी असली तरी. म्हणून दगड कोणताही असो, तो पाण्याची धार सोडून कापला जावा आणि कापणाऱ्याच्या तोंडावर साधा रुमाल नसून योग्य प्रतीचा मुखवटा असावा, असे घरमालकाने आरंभीच ठरवून घ्यावे. गल्लीच्या तोंडाशी कोरडे यंत्र चालवून शेजारच्या दहा घरांत पांढरी धूळ उडविणे हा येथील नित्याचा प्रकार आहे. त्यात सर्वांत जास्त धूळ पोटात घेतो तो त्या यंत्राशी वाकून बसलेला वीस वर्षांचा पोरगा.

दगड पसंत केला म्हणजे तो घरात येतोच असे नाही. दोन सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटास सुमारे पाच किलो भरतो. आठ फूट लांब व दोन फूट रुंद पाट म्हणजे ऐंशी किलो झाले. सुलतान बाजारातील जुन्या घरांचे जिने अरुंद, वळणाचे. तेथे अखंड पाट फिरत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सुलतान बाजारास मेट्रोचे स्थानक मिळाले, माणसांची सोय झाली. दगडाची गाडी गल्लीत शिरण्याचा प्रश्न मात्र पूर्वी होता तसाच आहे. तेव्हा ओट्यास सांधा येणार हे गृहीत धरून तो कोठे यावा हे आधी ठरवावे. भांडी घासण्याच्या कुंडीवर किंवा शेगडीच्या खाचेवर तो येऊ देऊ नये. खाचेच्या पुढेमागे दगडाची चिंचोळी पट्टी राहते आणि नेताना ती तेथेच मोडते. खाच शक्यतो दगड जागेवर आल्यानंतर पाडावी, आणि मोडतोड झाल्यास भुर्दंड कोणाचा, हे कागदावर असावे.

मोजमापाचा घोळ हा तंट्याचा नेहमीचा उगम. दगड चौरस फुटाने विकतात, पण कडेची गोलाई व चकाकी रनिंग फुटाने, आणि प्रत्येक खाचेचे पैसे निराळे. कपाटांचा दर कोणी दर्शनी क्षेत्रफळावर सांगतो, कोणी आतील प्रत्येक फळी मोजतो. दोघांचे दर शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरविणे म्हणजे शेराने मापलेले धान्य मीटरने मापलेल्या कापडाशी ताडून पाहणे. एकाच नकाशावर, एकाच मापाने, माल, मजुरी, वाहतूक व कर धरून पूर्ण रक्कम मागावी.

आता लाकूड. कपाटाचे पोट कशाचे आहे, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. दर्शनी पत्रा कितीही गुळगुळीत असो. भुश्शाच्या दाबलेल्या फळीत एकदा पाणी शिरले की ती फुगते आणि पूर्ववत होत नाही. मोरीखालच्या कपाटास तरी भारतीय मानक ७१० चे सागरी प्लायवूड वापरावे. या मानकाच्या कसोटीत नमुना ७२ तास उकळतात आणि तरीही त्याचे थर सुटता कामा नयेत. सामान्य प्लायवूडचे मानक ३०३ आहे; कोरड्या जागी ते पुरते. नुसता शिक्का पाहून भागत नाही. शिक्क्याखालचा परवाना-क्रमांक मानक ब्यूरोच्या भ्रमणध्वनीवरील अनुप्रयोगात पडताळता येतो, आणि हे काम दोन मिनिटांचे आहे. पोलादी जाळीच्या ट्रॉल्यांबाबत दुकानदार चुंबक लावून दाखवितो आणि ‘चिकटत नाही, म्हणजे अस्सल’ म्हणतो. ही परीक्षा निरुपयोगी आहे. ३०४ क्रमांकाच्या चांगल्या पोलादास चुंबक धरत नाही तसा २०२ च्या हलक्या पोलादासही धरत नाही, आणि गंज मात्र त्या दुसऱ्यालाच लवकर चढतो.

जुने लाकूड टाकून देण्याची घाई करू नये. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या फडताळांची दारे पुष्कळ घरांत सागवानी असतात. आदिलाबादचे जंगल जवळ असल्याने तो माल तेव्हा सहज मिळे. रंगाचे थर खरवडून, बिजागऱ्या बदलून त्यांची नवी दारे होतात. कंत्राटदार ‘जुने सामान आम्ही उचलून नेतो’ असे उदारपणे म्हणतो तेव्हा त्या उदारपणाची किंमत एकदा भंगारवाल्याकडे विचारावी.

कामास हात घातल्यावर पहिले दोन-तीन दिवस फोडाफोडीचे. नकाशावर नसलेल्या गोष्टी याच वेळी बाहेर पडतात. कपाटामागे वाळवीने केलेली मातीची वाट दिसते, लोखंडी नळ हात लावताच झिरपू लागतो, गिलावा पोपडे धरून खाली येतो. अंदाजपत्रकाच्या दहावा-पाचवा हिस्सा रक्कम यासाठी निराळी ठेवावी. जुन्या घरांच्या भिंती दगड-चुन्याच्या असतात. चुन्यात खिळा-बोल्ट सिमेंटइतका घट्ट धरत नाही, म्हणून डब्यांनी भरलेली वरची कपाटे नुसत्या बोल्टांवर टांगू नयेत. त्यांना खालून लोखंडी आधार किंवा जमिनीपर्यंत उतरलेली चौकट द्यावी. याच भिंती दीड-दीड फूट जाड असतात, आणि धूर ओढणाऱ्या चिमणीची नळी त्यांतून पार करणे हे स्वतंत्र काम आहे.

त्यानंतर नळ, निचरा आणि विजेच्या जागा. मिक्सर, ओव्हन, पाणी शुद्ध करणारे यंत्र, शीतकपाट यांची नेमकी ठिकाणे आज ठरली नाहीत तर नव्या भिंतीवर उद्या छिन्नी चालते. मग गवंडी ओटा बांधतो. तेलुगू मेस्त्री त्यास गट्टू म्हणतो. कपाटांची अखेरची मापे हा ओटा पूर्ण झाल्यावरच घ्यावयाची, कारण जुन्या घरातील एकही कोपरा काटकोनात नसतो. मापे आधी घेऊन कपाटे बनवून आणली की भिंत व फळी यांच्यामध्ये बोटभर फट राहते, आणि झुरळांना तेवढी पुरे होते. सारे सुरळीत चालले तरी तीन ते पाच आठवडे स्वयंपाकघर बंद राहील असे धरावे. सुतार पुष्कळदा राजस्थान, उत्तर प्रदेश व बिहारकडचे असतात. दिवाळी, छठ, होळीला ते गावी जातात आणि परतण्याची तारीख त्यांची त्यांनाच ठाऊक नसते. गौरी-गणपतीच्या आत ओटा हवा असेल तर मृगाच्या आधीच सुरुवात व्हावयास पाहिजे. इतक्या दिवसांसाठी एखाद्या खोलीत, वारा खेळता ठेवून, एक शेगडी मांडावी.

ओट्याची उंची ठरविताना गवंड्याचे मत विचारू नये. जी व्यक्ती तेथे रोज उभी राहणार तिने हात कोपरात दुमडून उभे राहावे आणि कोपराच्या चार ते सहा इंच खाली खूण करावी. तीच उंची. १९२६ मध्ये फ्रँकफुर्ट येथे मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने कामगारवस्तीसाठी स्वयंपाकघर योजिले, तेव्हा तिने बाईची पावले व हालचाली मोजल्या आणि बसून काम करण्यासाठी एक आसनही ठेविले. आपल्याकडे ओटा उंच झाला तेव्हा बसण्याची सोय कायमची गेली. ज्या घरात सत्तरीच्या आजी भाजी निवडतात किंवा अजूनही पोळ्या लाटतात, तेथे ओट्याचा दोन-अडीच फुटांचा भाग खाली कपाट न करता मोकळा व थोडा बुटका ठेवावा, म्हणजे स्टूल आत सरते. कंत्राटदार यास नाखूष असतो. जेथे कपाट नाही तेथे बिलही नाही.

सर्वांत अधिक जपावयाचे ते गॅसच्या टाकीस. पूर्वीच्या उघड्या ओट्याखाली टाकीभोवती हवा खेळत असे. नव्या रचनेत ती घट्ट झडपेच्या दारामागे जाते, आणि दिसण्याच्या हौसेपायी हे घडते. हा वायू हवेहून जड आहे. गळती झाली तर तो वर न जाता तळाशी साचतो. बंद कपाटात त्याचा थर जमला आणि जवळच विजेचे बटण उडाले तर काय होईल हे सांगावयास नको. टाकी शक्यतो मोकळ्या हवेत असावी; कपाटात ठेवणे अपरिहार्य असेल तर दारास अगदी तळाशी व वर जाळी पाहिजे, आत विजेची जोडणी असू नये, आणि रबरी नळी सहज दिसेल व बदलता येईल अशी असावी. ती फळीला भोक पाडून आडून नेण्याची पद्धत घातक आहे. सुतारास हे नियम ठाऊक नसतात. जागा पक्की करण्यापूर्वी गॅस वितरकाच्या माणसाला बोलावून दाखवावी.

पैसे एकरकमी देऊ नयेत. माल दारी आल्यावर काही, ओटा बसल्यावर काही, दारे लागल्यावर काही, आणि दहावा हिस्सा तरी शेवटास राखून ठेवावा. शेवट म्हणजे सुतार हत्यारे आवरतो तो दिवस नव्हे. महिनाभर प्रत्यक्ष स्वयंपाक झाल्यावर कोणता खण अडतो, कोणत्या सांध्यातून पाणी उतरते, हे कळते. कूपनलिकेच्या जड पाण्याने नळाच्या बुडाशी पांढरे कडे धरले तर ते ग्रॅनाइटचे वैगुण्य नव्हे. रोज कोरडे पुसले की धरत नाही. हळदीचा डाग कपाटाच्या फिक्या पत्र्यावर पडला तर आम्लाने घासू नये. हळदीचा रंग उन्हात विटतो, आणि खिडकीतून थेट ऊन येत असेल तर काही दिवसांत डाग आपोआप फिका होतो.

राहिला राडारोडा. तो रात्री गल्लीच्या टोकाला नेऊन टाकण्याची प्रथा आहे, आणि पहिल्या पावसात तोच गटारात बसतो. शहरात बांधकामाचा राडा दळून पुन्हा वापरण्याचा कारखाना २०२० मध्ये जीडीमेटला येथे सुरू झाला. राडा उचलून रीतसर नेण्याची रक्कम कंत्राटातच घालावी. त्यातूनही तांडूरच्या किंवा शहाबादच्या अखंड फरश्या निवडून घ्याव्यात. उलट्या करून गच्चीत किंवा मोरीत घातल्या तर त्यांची न झिजलेली बाजू वर येते.