जबड्याचं हाड आणि दोन प्रश्न



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी आज मोलगीत जबड्याच्या हाडाबद्दल बोलणार आहे, कारण तीन वर्षांपूर्वी तो आमच्या घरचा प्रश्न झाला होता.

माझे मामू वीस वर्षं गुटखा खात होते. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण त्यांना पुडी कधी कमी पडली नाही. खालच्या हिरडीवरची जखम भरेना. तपासणीत कर्करोग निघाला. सर्जन म्हणाले, जबड्याचा तुकडा काढावा लागेल.

त्याच आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर जाहिरात आली: स्टेम सेल आणि जडीबुटीने जबडा पुन्हा उगवतो, चिरफाड नको. मामी शेत गहाण टाकायला निघाल्या.

मी वाचायला बसलो. जाहिरात पूर्ण खोटी नव्हती, म्हणूनच धोक्याची होती. कांडवेल, म्हणजे हाडसांधी, आपल्याकडे मोडलेल्या हाडावर पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. १९६०च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात उडुपा आणि प्रसाद यांनी तिचा प्राण्यांवर अभ्यास केला. हाड लवकर जुळतं, असं त्यांना दिसलं. पण मोडलेलं हाड जुळणं वेगळं आणि कापून काढलेलं हाड नव्याने उगवणं वेगळं.

जबडा उगवल्याचंही उदाहरण आहे. २००४ साली जर्मनीतल्या कील शहरात डॉक्टरांनी टायटॅनियमची जाळी, हाड वाढवणारं प्रथिन आणि रुग्णाचीच अस्थिमज्जा वापरून पाठीच्या स्नायूत हाड वाढवलं आणि ते जबड्यात बसवलं. पण तो एकच रुग्ण होता, आणि त्याचा कर्करोग आठ वर्षं आधीच शस्त्रक्रियेने काढलेला होता.

आमच्या धंद्यात म्हणतात, ‘माझ्या लॅपटॉपवर चालतं.’ तेवढ्यावर कुणी बँकेची सिस्टिम सुरू करत नाही.

म्हणून मी मामींना दोन प्रश्न शिकवले. पहिला: हा उपचार किती माणसांवर तपासला, आणि त्याची नोंद कुठे आहे? भारतात अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही ऑनलाइन आहे. आयसीएमआरचे २०१७चे नियम सांगतात की रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेल फक्त चाचणीतच वापरायच्या, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. दुसरा: याची वाट पाहिली, तर तोवर गाठ किती वाढेल?

मामींनी फोन लावला. समोरच्याने फक्त ॲडव्हान्सची रक्कम सांगितली.

मामूंची शस्त्रक्रिया झाली. पायाच्या नळीशेजारचं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून जबड्यात बसवलं. ही पद्धत जबड्यासाठी १९८९पासून वापरात आहे. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना कामी आली. शेत वाचलं. मामू आज खिचडी खातात, बोलणं थोडं जड आहे.

आता तुमचं काम. आज घरी जाऊन स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालून बघा. जात नसतील, किंवा तोंडातली जखम, पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा होत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. खिशात पुडी असेल, तर ती इथेच ठेवून जा. कुणी नाव विचारणार नाही.