पिशवी आणि पाळणा



नियमित शरीरसंबंध असूनही आणि संततिप्रतिबंधाचे कोणतेही साधन वापरत नसतानाही बारा महिन्यांत गर्भधारणा झाली नाही, तर त्या स्थितीला वैद्यकशास्त्र वंध्यत्व म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे सहांमागे एकाला, आयुष्यात केव्हा ना केव्हा या स्थितीतून जावे लागते. सहांमागे एक हेच प्रमाण बीड जिल्ह्यात आणखी एका मोजणीत आढळले आहे आणि तेथे त्याचा अर्थ फार वेगळा आहे. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली, तिच्यापुढे ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले; १५ ते ४९ या वयोगटात देशभरात हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. ज्या जिल्ह्यात गर्भाशय इतक्या सहजपणे काढले गेले, त्याच जिल्ह्यात आणि शेजारच्या शहरांत आता 'टेस्ट ट्यूब बेबी सेंटर'चे फलक लागत आहेत. म्हणून साहाय्यित प्रजननतंत्राच्या नीतीचा विचार बीड जिल्ह्यातील केजमध्ये करायचा, तर तो प्रयोगशाळेच्या दाराशी सुरू करून चालणार नाही. त्यासाठी उसाच्या फडापर्यंत मागे जावे लागेल.

या शस्त्रक्रियेला येथील बोलीत 'पिशवी काढणे' म्हणतात. पिशवी म्हणजे भरण्यासाठी असलेली आणि काम झाले की टाकून देता येणारी वस्तू. अवयवाला असे नाव मिळाले की तो काढण्याचा निर्णयही हलका होतो. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून हंगामापूर्वी 'उचल' म्हणजे आगाऊ रक्कम घेतली जाते आणि एका दिवसाचा 'खाडा' पडला की दंड बसतो. पाळीचे चार दिवस या हिशोबात तोट्याचे ठरतात. फडावर न्हाणीघर नाही, शौचालय नाही, स्वच्छ पाणी नाही; त्यामुळे जंतुसंसर्ग होतो, अंगावरून जाते, कंबर धरते, आणि दवाखान्यात गेल्यावर ज्या त्रासावर औषधाने उपाय होऊ शकला असता, त्यावर कर्करोगाची भीती दाखवून शस्त्रक्रिया सुचवली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार बीडमध्ये २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. अशा स्त्रीची बाळंतपणे पंचविशीच्या आत उरकतात आणि 'आता पिशवीचे काय काम' हा प्रश्न तिला वयाच्या ज्या टप्प्यावर विचारला जातो, त्या टप्प्यावर शहरातील अनेक स्त्रिया पहिल्या अपत्याचा विचारही करत नसतात. गाठी, अनावर रक्तस्राव किंवा खरोखरचा कर्करोग असेल तर गर्भाशय काढणे आवश्यकच असते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु दंडाच्या भीतीने दिलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही.

जो संसर्ग एकीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेतो, तोच दुसरीच्या गर्भनलिका बंद करून तिला 'वांझ' ठरवतो. भारतात प्रजननमार्गाचा क्षयरोग, उपचाराविना राहिलेला संसर्ग आणि असुरक्षित गर्भपात ही नलिका बंद होण्याची मोठी कारणे आहेत, आणि ती सर्व टाळता येण्याजोगी आहेत. पुरुषातील शुक्राणूंचा दोष हेही वंध्यत्वाचे तितकेच नित्याचे कारण असते. तरीही सुनेची तपासणी चार ठिकाणी होते, नवस बोलले जातात, ओटीभरणातून तिला वगळले जाते आणि नवऱ्याच्या वीर्याची साधी, स्वस्त तपासणी शेवटपर्यंत राहून जाते. या क्रमात बदल करण्यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची गरज नाही.

बाह्य फलन म्हणजे दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने देऊन अंडाशयात एकाच वेळी अनेक अंडी पक्व करणे, ती भूल देऊन सुईने काढणे, प्रयोगशाळेत शुक्राणूशी त्यांचा संयोग घडवणे आणि तीन ते पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडणे. यातील निम्म्याहून अधिक फेऱ्यांचा शेवट बाळाच्या जन्मात होत नाही, हे दांपत्याला पहिल्याच भेटीत सांगितले गेले पाहिजे, कारण एका फेरीचा खर्च लाखाच्या पुढे जातो आणि तो पुष्कळदा जमीन गहाण ठेवून किंवा पुढच्या हंगामाच्या उचलीतून उभा केला जातो. साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा आणि सरोगसी नियमन कायदा हे २०२१ चे दोन्ही कायदे जानेवारी २०२२ पासून अमलात आले. पहिल्या कायद्यानुसार अंडी देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांची हवी. तिने आयुष्यात एकदाच दान करायचे, तिच्याकडून सातपेक्षा अधिक अंडी घ्यायची नाहीत आणि तिचा विमा उतरवायचा. तरतुदी चांगल्या आहेत. मात्र वय आणि गरज या दोन्ही दृष्टींनी त्यांत बसणाऱ्या असंख्य स्त्रिया केज, धारूर आणि वडवणीच्या गावांत आहेत, हे लक्षात घेतले तर दलालाची नजर कोठे वळेल याचा अंदाज करता येतो. गर्भाशय काढताना ज्या स्त्रीला कोणी नीट विचारले नाही, तिची अंडी काढताना तिला नीट विचारले जाईल, असे मानायला कोणताही आधार नाही.

सरोगसीच्या, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात मूल वाढवण्याच्या, नियमांत गर्भाशय नसणे किंवा शस्त्रक्रियेने काढले गेलेले असणे हे पात्रतेचे वैद्यकीय कारण मानले आहे. याचा अर्थ असा की, तरुणपणी गर्भाशय गमावलेल्या आणि नंतर दुर्दैवाने मूलही गमावलेल्या स्त्रीला कायद्याने मार्ग दाखवला आहे, पण त्या मार्गावर चालण्याची ऐपत तिच्याजवळ नाही. पुण्यात मे २०१७ मध्ये देशातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण झाले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यातून बाळ जन्माला आले. त्याच सुमारास पुण्यापासून काही तासांच्या अंतरावर गर्भाशये काढली जात होती. २०१९ मध्ये विधान परिषदेत दिलेल्या माहितीनुसार बीडमधील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या होत्या. एकाच राज्यातील वैद्यकाची ही दोन रूपे आपल्याला अस्वस्थ करणारी वाटली पाहिजेत.

या जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. सोनोग्राफीचे यंत्र रोगनिदानासाठी आले आणि गर्भाचे लिंग ओळखून मुलींचे गर्भ पाडण्यासाठी त्याचा वापर झाला. गर्भाची जनुकीय तपासणी करणारे तंत्र लिंगही सांगू शकते, म्हणून प्रयोगशाळेच्या नोंदी तपासणारी यंत्रणा आणखी फलक लागण्याआधी उभी राहायला हवी.

यंत्रणेबरोबर डॉक्टरांची सचोटीही लागते; तिचा एक दाखला महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून बाह्य फलनाने बाळ जन्मले आणि ते देशातील पहिले मानले गेले. पुढे कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची टिपणे वाचल्यावर आनंद कुमार यांनी १९९७ मध्ये जाहीरपणे मान्य केले की, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी हे काम मुखोपाध्याय यांनी आधीच केले होते. सरकारी समितीने ज्यांचा दावा नाकारला, त्या मुखोपाध्याय यांनी १९८१ मध्ये आत्महत्या केली होती. पहिलेपणाचा मान आनंद कुमार यांनी स्वतःहून सोडला. यशाचे फुगवलेले टक्के जाहिरातीत छापणाऱ्यांनी हे उदाहरण अभ्यासावे.

केज तालुक्यापुरती एक सूचना करता येण्यासारखी आहे. दिवाळीच्या सुमारास येथील जोडपी कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात; वंध्यत्वाच्या तपासण्यांना पाळीच्या ठरावीक दिवशी यावे लागते आणि फडावरून ते शक्य नसते. म्हणून मे ते सप्टेंबर या काळात प्राथमिक आरोग्य केंद्रात पती-पत्नी दोघांची तपासणी, क्षयरोगाची चाचणी आणि संसर्गावरील उपचार एकत्र व्हावेत, गरजेप्रमाणे अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाकडे चिठ्ठी दिली जावी, आणि प्रत्येक स्त्रीजवळ तिच्या भाषेत लिहिलेले एक पत्रक असावे, ज्यावर गर्भाशय काढण्याचा सल्ला कोणी, केव्हा व कोणत्या कारणासाठी दिला हे लिहिलेले असेल आणि दुसऱ्या डॉक्टरच्या मतासाठी एक जागा कोरी सोडलेली असेल.