डॉक्टरीणबाईंचा दवाखाना

वैद्याने रोग्याशी कसे वागावे, याचा विचार माणसाने फार प्राचीन काळापासून केला आहे. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत, त्याचप्रमाणे चरकसंहितेत शिष्याला केलेल्या उपदेशात, रोग्याच्या घरातील स्त्रियांविषयी वैद्याने निर्मळ असावे असे बजावलेले आहे. चरकाने रोग्याचेही चार गुण सांगितले आहेत. त्याला आठवण असावी, त्याने सांगितलेले ऐकावे, धीर धरावा आणि आपले दुखणे नीट सांगावे. परंतु वैद्याच्या आसनावर एखादी स्त्री बसलेली असेल आणि समोरच्या रोग्याच्याच मनात पाप असेल, ही कल्पना त्या काळी कोणाला सुचण्याजोगी नव्हती. आज तशा स्त्रिया गावोगावी आहेत, आणि म्हणून तो प्रश्नही आहे.

या प्रश्नाची पद्धतशीर चौकशी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झाली. १९९१ साली तेथील वैद्यकीय नियामक संस्थेने, डॉक्टरांकडून रुग्णांच्या होणाऱ्या लैंगिक शोषणाची चौकशी करण्यासाठी एक स्वतंत्र मंडळ नेमले होते. ते योग्यच झाले. सुझन फिलिप्स आणि मार्गारेट श्नायडर या दोन विदुषींनी मात्र उलट बाजूने विचारणा केली. प्रांतातील १०६४ स्त्री फॅमिली डॉक्टरांपैकी ५९९ जणींना त्यांनी प्रश्नावली धाडली. ४२२ जणींची उत्तरे आली. त्यांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक जणींना व्यवसायात केव्हा ना केव्हा रुग्णाकडून लैंगिक स्वरूपाचा उपद्रव झालेला होता. हे निष्कर्ष डिसेंबर १९९३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्यातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. हा उपद्रव बहुतेक वेळा स्वतःच्याच दवाखान्यात आणि स्वतःच्याच नेहमीच्या रुग्णांकडून झालेला होता. अनोळखी माणसाची भीती तातडीच्या उपचारकक्षांत तुलनेने अधिक होती, हे खरे. पण फॅमिली डॉक्टरच्या बाबतीत ओळख हेच संरक्षण असे आपण समजतो, ते बरोबर नाही. डॉक्टर म्हणून हाती असलेला अधिकार स्त्री म्हणून वाट्याला आलेल्या असुरक्षिततेपुढे अनेकदा फिका पडतो, असे या दोघींना दिसून आले.

हे दूरदेशीचे आहे असे म्हणून मला स्वस्थ बसता येत नाही. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात असताना, २०१३ च्या कायद्याखाली नेमलेल्या स्थानिक समितीवर मी पदसिद्ध सदस्य होतो. तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणाऱ्या एक डॉक्टरीणबाई एकदा मला भेटावयास आल्या. अर्ज आणलेला नव्हता. नुसते विचारावयाचे होते. गावातील एक वजनदार गृहस्थ दर आठवड्याला सर्वांच्या शेवटी येऊन बसत. आधी स्तुती झाली, मग दिवाळीला भारी साडी आली, आणि पुढे तपासणीच्या वेळी नको ती सलगी सुरू झाली. मी विचारले, “त्यांना येऊ नका म्हणून का सांगत नाही?” त्या म्हणाल्या, “साहेब, त्यांचा रक्तदाब खरोखरच फार आहे. मी नाही म्हटले आणि उद्या त्यांना काही झाले, तर?”

मी कायद्याचे पुस्तक उघडले. दवाखाना हे कामाचे ठिकाण आहे, हे त्यात स्पष्ट होते. बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनही संरक्षण देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असेही होते. पण येथे मालक त्याच, आणि नोकर म्हणजे सकाळी केर काढणारी एक मावशी. समितीने शिफारस करावयाची ती सेवानियमांखालील कारवाईची किंवा पगारातून कपातीची. रुग्णाला कोणते सेवानियम लावणार? राहिले पोलीस ठाणे. त्या वेळी दंडसंहितेचे कलम ३५४-अ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७५ आहे. मी ते सांगितले. बाई म्हणाल्या, “ठाण्याची पायरी चढले तर गावात चर्चा माझी होईल.” नमस्कार करून त्या गेल्या. मी सांगितलेला नियम बरोबर होता. पण त्यांच्या कामी पडेल असे मी काही सांगितले नव्हते.

पुढे मी अधिक वाचले, आणि जे तेव्हा सांगावयास हवे होते ते आज सांगतो. २००२ च्या वैद्यकीय नीतिनियमांप्रमाणे, तातडीचा प्रसंग वगळता, कोणाला तपासावे हे ठरविण्याची डॉक्टरला मुभा आहे. हाती घेतलेला रुग्णही पुरेशी पूर्वसूचना देऊन सोडता येतो. तेव्हा त्या रक्तदाबाच्या गृहस्थांना दुसऱ्या डॉक्टरच्या नावे चिठ्ठी लिहून देणे म्हणजे कर्तव्यात कसूर नव्हे. झालेला प्रकार त्याच दिवशी, तारीखवार लिहून ठेवावा. तपासणीच्या वेळी कोणी सोबत असावे. रुग्णाचे दुखणे गुप्त ठेवणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. त्याचे गैरवर्तन गुप्त ठेवणे हे नव्हे. आणि वैद्यकीय महाविद्यालयांत मुलींना व मुलांनाही हे शिकविले पाहिजे. ऑन्टॅरिओच्या त्या लेखकांचेही तेच सांगणे होते.

परंतु हा सर्व भार एकट्या डॉक्टरवर टाकणे न्याय्य होणार नाही. “बाईंनीच काही केले असेल” हे वाक्य दवाखान्याच्या बाहेर, आपल्या ओट्यांवर बोलले जाते. ते आपण बोलू नये, कोणी बोलल्यास ऐकून घेऊ नये. आपल्या घरातील तापलेले मूल ज्या हातांत आपण निःशंकपणे देतो, त्या हातांना आपल्याच घरातील कोणा वडीलधाऱ्यापासून भय वाटत नाही ना, एवढे प्रत्येक कुटुंबाने पाहावे. त्या बाईंचा दवाखाना पुढे वर्षभराने बंद झाला. आता त्या गावाला रक्तदाब मोजून घेण्यासाठी चौदा किलोमीटर जावे लागते.